दहावी-बारावीनंतर: लोखंडातला क्रॅक शोधण्याचं काम

निकाल लागले की बीड, परळी, अंबाजोगाईत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. नीटला किती पडले, लातूरला रिपीटर बॅच लावायची का, नाहीतर सरळ पोलीस भरतीचं ग्राउंड सुरू करायचं का. या वाटांना माझा विरोध नाही. पण जागा मोजक्या आणि रांग लांब, हे पालकांनाही ठाऊक आहे. म्हणून आज अशा एका कामाबद्दल लिहितो, ज्याची गरज आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तरी वर्गात ज्याचं नाव निघत नाही: पोलादी बांधकामांतले आणि यंत्रांतले क्रॅक शोधणं आणि ते नीट दुरुस्त करणं.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुटली. २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाची जिल्ह्याने किती वर्षं वाट पाहिली, ते सांगायला नको. परळीच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत साखर कारखाने आहेत. रूळ, बॉयलरच्या नळ्या, कन्व्हेयरचे सांगाडे, मिलचे शाफ्ट, हे सगळं पोलाद रोज भार घेतं, तापतं, निवतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच पेलण्याजोगा भारही लाखो वेळा आला-गेला की पोलाद थकतं. क्रॅकची सुरुवात बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेला, बोल्टच्या भोकाशी किंवा टोकदार कोपऱ्यात होते.

ती किती बारीक असते? अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला, संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसं गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका लोखंडी पट्टीच्या भोकाजवळ, सुमारे अडीच मिलिमीटर खोलीच्या क्रॅकमध्ये. जोड सुटा केल्याशिवाय तो दिसलाच नसता. या दुर्घटनेनंतर तिथे पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी देशभर सक्तीची झाली.

आता काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहा. कारखान्याचा हंगाम संपला, मिल खोलली आणि एखादा शाफ्ट वर्कशॉपमध्ये आला. आधी त्याचं ग्रीस, गंज, रंग साफ करायचा. मग लाल रंगाचं पातळ द्रव फवारायचं आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. घाई करणाऱ्याची परीक्षा इथेच होते. द्रव भेगेत मुरलं की वरचं कापडाने पुसायचं. क्लीनर थेट शाफ्टवर मारला, तर भेगेतलं द्रवही धुऊन जातं. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. क्रॅक असेल तर थोड्याच वेळात त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते आणि हळूहळू रुंदावते. याला डीपी टेस्ट म्हणतात. सामान स्वस्त, वीज लागत नाही, आणि शिकणाऱ्याची इथूनच सुरुवात होते.

ही टेस्ट फक्त पृष्ठभागावर उघडणारे क्रॅक दाखवते. आतला दोष पाहायला अल्ट्रासॉनिक लागतं. प्रोबमधून ध्वनिलहरी पोलादात सोडायच्या आणि परत येणारा प्रतिध्वनी स्क्रीनवर वाचायचा. रेल्वेचे रूळ असेच तपासतात. कडाक्याच्या थंडीत रूळ आकसू पाहतो, त्यावर ताण येतो आणि आधीपासून असलेला छोटा दोष तुटण्यापर्यंत जातो.

दुरुस्तीबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे, कारण चुकीची पद्धत गावोगाव दिसते. क्रॅकवरून रॉड फिरवायचा, ग्राइंडर मारायचा, रंग द्यायचा. क्रॅक आत तसाच राहतो आणि वाढत जातो, फक्त आता तो दिसत नाही. खरा कारागीर आधी क्रॅकची दोन्ही टोकं शोधतो. टोकाला ड्रिलने भोक पाडतो, म्हणजे तिथे एकवटलेला ताण पसरतो. मग क्रॅक मुळापासून कोरून काढतो, पुन्हा डीपी करून काही उरलं नाही याची खात्री करतो आणि मगच वेल्डिंगला बसतो. लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये तापवूनच वापरायचे. ओलाव्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि नवा क्रॅक देतो. हा क्रॅक उशिराही येतो, म्हणून जाड किंवा उच्च ताकदीच्या पोलादात बऱ्याचदा ४८ तास थांबून तपासणी करतात. जुन्या पुलांचं लोखंड पुष्कळदा वेल्डिंग सोसत नाही. तिथे प्लेटा बोल्टने बसवतात. आणि क्रॅक मुळात का आला, हे शोधलं नाही तर तो शेजारीच पुन्हा येतो.

या कामात यायचं कसं? आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. मार्क बरे असतील आणि दोन-तीन वर्षं थांबता येत असेल, तर मेकॅनिकल डिप्लोमा करा. तपासणीच्या कामात पुढे जायला त्याचा फायदा होतो. आयटीआयनंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप जरूर करा. बॉयलरवर वेल्डिंग करायचं असेल, तर भारतीय बॉयलर नियमांनुसार वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास झालेल्या वेल्डरचा भाव वेगळा असतो. आईवडील ऊसतोडीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. हंगामात लेकरू फडावर नेण्याआधी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

तपासणीच्या क्षेत्राला एनडीटी म्हणतात आणि त्यात लेव्हल १, २, ३ असतात. इथे पालकांनी सावध राहावं. "पंधरा दिवसांत लेव्हल २" अशा जाहिराती येतात. प्रचलित अमेरिकन शिफारशीप्रमाणे अल्ट्रासॉनिकच्या लेव्हल २ पर्यंत ८० तासांचं शिक्षण तर लागतंच, शिवाय शेकडो तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. त्या पद्धतीत प्रमाणपत्राची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची असते. कंपनी बदलली की नव्या कंपनीने पुन्हा प्रमाणित करावं लागतं. आयएसओ ९७१२ खालचं प्रमाणपत्र स्वतंत्र संस्था देते. जवळची नजर आणि रंगछटा ओळखण्याची क्षमताही तपासली जाते, तेव्हा पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्या.

आयांचा पहिला प्रश्न रेडिएशनचा असतो, आणि तो रास्त आहे. एनडीटीतल्या रेडिओग्राफीत, म्हणजे किरणांनी धातूच्या आतला फोटो घेण्याच्या तपासणीत, इरिडियम-१९२ सारखा किरणोत्सर्गी स्रोत वापरतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय, आणि वयाची १८ वर्षं पूर्ण असल्याशिवाय, हे काम करता येत नाही. कुणी ठेकेदार पोराला "फक्त कॅमेरा (म्हणजे या स्रोताची पेटी) धर" म्हणत असेल, तर तिथून परत आणा. डीपी, मॅग्नेटिक (चुंबकाने क्रॅक शोधण्याची टेस्ट) आणि अल्ट्रासॉनिकमध्ये किरणोत्सर्गाचा संबंधच नाही. मुलींनी या तिन्हींकडे जरूर पाहावं. तिथे ताकदीपेक्षा नजर आणि चिकाटी जास्त लागते.

उत्पन्नाबद्दल गोड बोलणार नाही. सुरुवातीची काही वर्षं काम ठेकेदाराकडे आणि शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, हंगामात असतं. पुणे, जामनगर, कधी आखात अशी फिरती असते, उंचीवर चढावं लागतं, रात्रपाळी असते. घर सोडायची तयारी नसेल, तर वेल्डिंगमध्ये पक्कं होऊन कारखान्यात किंवा स्वतःच्या वर्कशॉपमध्ये राहणं चांगलं.

कोर्सला पैसे भरण्याआधी संस्थेत स्वतः जा. लेव्हल ३ असलेले शिक्षक कोण आहेत आणि ते शिकवायला किती दिवस येतात, हे विचारा. मशीन दाखवायला सांगा. एका मशीनवर किती मुलं बसतात ते पाहा. दोष असलेले वेल्डिंगचे नमुने टेबलावर आहेत का ते बघा. त्यावर हात बसल्याशिवाय क्रॅक ओळखता येत नाही. आणि मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांचे फोन नंबर मागून घ्या. ते आज कुठे काम करतात, ते त्यांच्याकडूनच ऐका.