हरभऱ्याचे सगळे बी कल्चरने माखू नका

या रब्बीत हरभऱ्याच्या बियाण्याला राइझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू, म्हणजेच कल्चर, लावणार असाल तर अवश्य लावा, पण थोडे बी कोरे ठेवा. सगळ्या शेतात कल्चर लावायचे आणि मळणी झाल्यावर ‘यंदा हरभरा चांगला उतरला’ म्हणायचे, यातून हाती काहीच लागत नाही. परतीच्या पावसाने ओल टिकली असेल, थंडी वेळेवर पडली असेल, घाटेअळी कमी आली असेल. श्रेय मात्र पाकिटाला जाते. साल वाईट गेले तर दोषही त्याच पाकिटाला.

कल्चरचा फायदा प्रत्येक शेतात सारखा नसतो. जिथे वर्षानुवर्षे हरभरा होत आला आहे, तिथल्या मातीत त्याच्या मुळांवर गाठी करणारे जीवाणू आधीच असतात, त्यामुळे फरक थोडा दिसतो. पहिल्यांदाच हरभरा पडणाऱ्या रानात तो जास्त दिसण्याची शक्यता असते. शिफारस अनेक शेतांच्या अनुभवावरून होते. तुमच्या गटात किती पदरात पडते, ते तुमच्याच रानात मोजावे लागते.

मोजायचे म्हटले की बहुतेक जण अर्ध्या शेतात कल्चर लावतात आणि अर्धे तसेच पेरतात. ही मांडणी फसवी आहे. नाल्याकडची जमीन भारी, माळाकडची मुरमाड. एकाच वावरात गुंठ्यामागे उत्पादन दुपटीने बदलू शकते. अशा दोन अर्धांतला फरक जमिनीचा की कल्चरचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. गेल्या वर्षीच्या उत्पादनाशी यंदाची तुलना करणे तर त्याहून वाईट.

यावर उपाय जोड्यांचा. उताराला आडवी पेरणी करताना शेजारी शेजारी दोन पट्ट्या आखा, प्रत्येकी 8 तासांची, म्हणजे 8 ओळींची. एक कल्चरची, एक कोरी. अशा 8 जोड्या शेतभर पसरा: काही भारी जमिनीत, काही मध्यम, काही माळाकडे. जोड्या एकमेकींना लागून नसल्या तरी चालतात, पण जोडीतल्या दोन पट्ट्या लागूनच हव्यात. कल्चर कोणत्या पट्टीत जाणार, ते प्रत्येक जोडीत नाणे उडवून ठरवा. हा पोरखेळ वाटेल, पण नाल्याकडची पट्टी दरवेळी कल्चरला दिली तर जमिनीचा कस कल्चरच्या खात्यात जमा होतो. नाणे कोणाची बाजू घेत नाही.

पेरताना आधी सगळ्या कोऱ्या पट्ट्या उरका. कल्चर लावलेले बी एकदा पेरणी यंत्राच्या पेटीतून गेले की भुकटी पेटीला आणि नळ्यांना चिकटते आणि पुढच्या कोऱ्या बियाण्यालाही लागते. बीजप्रक्रिया नेहमीचीच: आधी ट्रायकोडर्मा, किलोला 5 ग्रॅम, आणि तो कोऱ्या बियाण्यालाही लावा, नाहीतर कोणाचा गुण कोणाला हे कळणार नाही. मग फक्त कल्चरच्या बियाण्याला राइझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू, 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यातून चोळून सावलीत सुकवा. राइझोबियम हरभऱ्याचेच घ्या. सोयाबीनचे उरलेले पाकीट इथे कामाचे नाही. खत, पाणी, फवारणी दोन्ही पट्ट्यांना एकसारखी.

काढणीला कडेचा एकेक तास सोडून मधले 6 तास कापा. तासांत 30 सेंटीमीटर अंतर असेल तर 6 तास आणि 56 मीटर लांबी मिळून जवळजवळ 1 गुंठा होतो. जोडीतल्या दोन्ही पट्ट्यांची मळणी एकाच दिवशी करा आणि वजन एकाच काट्यावर घ्या.

आता वजने आली असे धरू. खालचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, गुंठ्याला किलोमध्ये. आधी कल्चर, मग कोरे, मग फरक:

जोडी 1: 24.5, 22.5, फरक 2.0
जोडी 2: 22.0, 21.0, फरक 1.0
जोडी 3: 21.5, 19.0, फरक 2.5
जोडी 4: 19.0, 19.5, फरक उणे 0.5
जोडी 5: 18.5, 17.0, फरक 1.5
जोडी 6: 16.5, 14.5, फरक 2.0
जोडी 7: 14.0, 13.5, फरक 0.5
जोडी 8: 13.0, 10.0, फरक 3.0

पहिले दोन स्तंभ आता विसरा. काम फक्त फरकांशी आहे. फरकांची बेरीज 12, सरासरी 1.5 किलो. प्रत्येक फरक या सरासरीपासून किती लांब आहे ते काढा, त्याचा वर्ग करा आणि वर्गांची बेरीज घ्या: 9 येते. तिला 8 मधून 1 वजा करून, म्हणजे 7 ने, भागा आणि वर्गमूळ काढा: 1.13. हे प्रमाण विचलन, म्हणजे फरक आपापसांत किती विखुरले आहेत त्याचे माप. त्याला 8 च्या वर्गमुळाने भागले की 0.40 मिळते, ही सरासरीची प्रमाण त्रुटी. शेवटी 1.5 ला तिने भागा. उत्तर सुमारे 3.74, आणि यालाच टी म्हणतात.

8 जोड्यांसाठी टीच्या तक्त्यातला आकडा 2.365 आहे. कल्चरने काहीच फरक पडत नसता, तर नुसत्या योगायोगाने या आकड्यापलीकडे, वर किंवा खाली, टी जाण्याची वेळ शंभरात पाचदा आली असती. आपला टी 1 टक्क्याच्या 3.499 या आकड्यालाही ओलांडून गेला आहे. म्हणून फरक योगायोगाचा मानायला फारशी जागा उरत नाही. याचा अर्थ ‘कल्चर लागू पडण्याची खात्री 99 टक्के’ असा मात्र काढू नका. ही गल्लत शिकलेली माणसेही करतात.

मौज पुढे आहे. हेच 16 आकडे जोड्या मोडून, कल्चरचे 8 एकीकडे आणि कोरे 8 दुसरीकडे, असे तपासले तर सरासरीतला फरक तोच 1.5 किलो येतो, पण टी येतो फक्त 0.73. तिथे लागतो 2.145. म्हणजे निकाल: काहीच सिद्ध नाही. फरक तेवढाच, निवाडा उलटा. कारण सुट्या आकड्यांत 10 पासून 24.5 किलोपर्यंतची जमिनीची चढउतार मिसळलेली असते आणि दीड किलोचा फरक तिच्यात बुडून जातो. जोडीतल्या जोडीत वजाबाकी केली की जमीन दोन्हीकडून वजा होते. हा फायदा गणिताने दिलेला नाही, पट्ट्या शेजारी आखल्याने मिळाला आहे. पेरणीच्या वेळी जोड्या लावल्या नसतील तर मळणीनंतर कागदावर लावून उपयोग नाही.

या चाचणीचे बियाण्याशी नाते जुने आहे. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातले विल्यम सीली गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख लिहिला. त्यातल्या एका उदाहरणात बार्लीचे बी भट्टीत वाळवून पेरावे की तसेच, हा प्रश्न होता. 1899 मध्ये 7 वाण आणि 1900 मध्ये 4, असे मिळून 11 जोड्यांचे फरक त्यांनी तपासले. पुढे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या रोनाल्ड फिशर यांनी पद्धतीला आजचे रूप दिले. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांच्या शेतीविषयक संख्याशास्त्राच्या ग्रंथातून कृषी पदवीधरांच्या पिढ्या हे शिकल्या.

किती जोड्या घ्याव्यात? 3 जोड्यांना तक्त्यातला आकडा 4.303 आहे, 5 ला 2.776, 8 ला 2.365, 10 ला 2.262. दोनतीन जोड्यांत चांगले कल्चरही सिद्ध होणे अवघड. आठाच्या पुढे आकडा फारसा उतरत नाही. आठ पुरेत. पण एकाच पट्टीतून दहा ठिकाणी नमुने घेतले म्हणजे दहा जोड्या झाल्या असे नाही. ती एकच जोडी.

एखाद्या पट्टीत जनावरे शिरली तर ती जोडीच काढून टाका, दोन्ही बाजूंनी, आणि तसे वहीत लिहा. हा निर्णय वजन करण्याआधी घ्यायचा. आपल्या जोडी 4 सारखा उणे फरक दिसला म्हणून ती गाळणे ही लबाडी आहे, आणि फसगत स्वतःचीच. एखादाच फरक बाकीच्यांपेक्षा कितीतरी पटींनी मोठा आला तर मात्र टीवर विसंबू नका. आधी वजनाची चूक नाही ना ते पाहा.

गणित हाताने नको असेल तर मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये टी-टेस्टचे सूत्र असते. त्यात दोन स्तंभ निवडल्यावर शेवटी आधी 2 आणि मग 1 भरायचा. हा 1 जोडीसाठी असतो. तिथे 2 भरला तर वर सांगितलेला उलटा निवाडा मिळेल. आपल्या आकड्यांना उत्तर 0.007 च्या आसपास येते, 0.05 पेक्षा कमी म्हणजे फरक ग्राह्य.

फरक ग्राह्य ठरला तरी तो परवडतो का, हा प्रश्न वेगळाच. 2.365 गुणिले 0.40 म्हणजे साधारण 0.95. तो दीडमधून वजा केला आणि दीडमध्ये मिळवला की गुंठ्याला 0.55 ते 2.45 किलो, म्हणजे एकरी 22 ते 98 किलो असा पट्टा मिळतो. हिशेब खालच्या टोकाने करा. 2025-26 च्या विपणन हंगामासाठी जाहीर झालेला 5650 रुपये क्विंटल हमीभाव धरला तर 22 किलोचे साधारण 1240 रुपये होतात. पाकिटे आणि मजुरी त्यात बसत असेल तर पुढच्या रब्बीत कल्चर बिनघोर लावा. टी लहान आला तर कल्चर निरुपयोगी ठरत नाही. तुमच्या आठ जोड्यांत फरक दिसला नाही, एवढेच ठरते. आणि एका हंगामाचा निकाल त्या हंगामापुरताच असतो, म्हणून अशाच पट्ट्या आणखी दोन रब्बी ठेवाव्यात.

बागायती हरभऱ्याची पेरणी 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर. त्याआधी खुंट्या ठोका, नाण्याचा कौल वहीत उतरवा, आणि मळणीनंतर सगळी वजने, नको असलेलीसुद्धा, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा.