तागाचें पीक पुन्हां धरावें काय?

देशावर मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, गाईचें दावें आणि ओझें बांधण्याचें चऱ्हाट, या सर्व वस्तु एके काळीं शेतांतल्याच वाखापासून होत असत. शेतकऱ्यानें ताग किंवा अंबाडी पेरावी, मातंग समाजांतील कारागिरांनीं दोर वळून द्यावे व त्याबद्दल बलुतें घ्यावें, अशी व्यवस्था होती. पुढें मोटा गेल्या, पंप आले, वाखाच्या दोराची जागा नायलॉननें घेतली. आणि तागाचा पेरा मागें पडला. हल्लीं कापडासाठीं ‘हेंप’ नांवाच्या धाग्याची पुष्कळ वाखाणणी ऐकूं येते. तेव्हां कुंडल व कृष्णाकांठच्या शेतकऱ्यांनीं हें पीक पुन्हां धरावें काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

एक नांव, दोन वनस्पती.— प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. परदेशांत ज्या हेंपाचें कापड होतें ती भांगेच्या जातीची वनस्पति होय. १९८५ च्या अंमली पदार्थांविषयींच्या कायद्याप्रमाणें सरकारच्या परवानगीवांचून तिची लागवड करतां येत नाहीं. उत्तराखंड राज्यानें धाग्यासाठीं अशी परवानगी देण्यास आरंभ केला आहे. पण तेवढ्यावरून आपण बीं मागवून पेरणें म्हणजे फौजदारी ओढवून घेणें होय. आपला ताग, ज्यास बोरू असेंही म्हणतात, तो अगदीं निराळा. व्यापाऱ्यांनीं त्यास ‘सन हेंप’ म्हटलें, तरी तो तुरी-हरभऱ्याच्या कुळांतला आहे व त्यांत नशा नाहीं. त्याचा धागा बळकट पण जाडाभरडा असतो. त्यापासून दोर, सुतळी, जाळीं, जाड कापड व चांगल्या प्रतीचा कागद होतो. नेसण्याच्या तलम वस्त्राची आशा मात्र आरंभींच सोडलेली बरी.

जमिनीचें देणें.— मग ताग पेरावा कशासाठीं? याचें उत्तर आपल्या जमिनींतच आहे. बारमाही पाणी आल्यापासून उसामागें खोडवा आणि खोडव्यामागें पुन्हां ऊस असा क्रम पडला. शेणखत पुरत नाहीं, पाचट पुष्कळ ठिकाणीं जाळलें जातें, आणि नदीकांठच्या कित्येक जमिनी खाऱ्या व चोपण झालेल्या आपण पाहतों. जमीन दरसाल देत राहते. तिचें देणें कोणी फेडावयाचें?

ताग मुळांवरील गांठींच्या योगानें हवेंतील नत्र घेतो. ४५ ते ५० दिवसांनीं, फुलें येऊं लागतांच तो गाडला, तर एकरी सहा ते आठ टन हिरवा पाला जमिनींत जातो. त्यांतून सुमारें २५ ते ३५ किलो नत्र मिळतें, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दीड गोणीइतकें. युरियानें नत्र मिळेल, पण जमिनीचा भुसभुशीतपणा त्यानें वाढणार नाहीं. तागानें तो वाढतो. शिवाय मुळांवर गांठी आणणाऱ्या सूत्रकृमींस ताग आळा घालतो. हळद व भाजीपाला करणाऱ्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी.

पेरणी व गाडणी.— पूर्वहंगामी ऊस ऑक्टोबरच्या मध्यापासून लागतो. त्यापूर्वी मृगाच्या पावसावर पेरलेला ताग सहज बसतो. निचऱ्याच्या जमिनींत एकरी २० ते २५ किलो बीं टाकावें. पाणी सांचणाऱ्या शेतांत ताग तग धरीत नाहीं; खारवट जमिनींत त्याऐवजीं धैंचा घ्यावा. गाडतेवेळीं जमिनींत ओल हवी आणि माती पालथी करणारा नांगर हवा. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं वसविलेल्या वाडींत लोखंडी नांगर होऊं लागले. त्या अवजारास हिरवळीच्या खताइतकें शोभणारें काम क्वचितच सांपडेल. आज तें काम ट्रॅक्टर करतो. गाडल्यावर चार-सहा आठवडे कुजूं द्यावें, मगच पुढील पीक लावावें.

वाख.— खत व वाख हे दोन्ही लाभ एकाच पिकांतून पुरतेपणीं मिळत नाहींत. वाखासाठीं ताग ९० दिवसांपर्यंत राखावा लागतो, व तोंवर काडी निबर होते. यास्तव एकरांतील पांच गुंठे वेगळे राखावे. पेरा दाट ठेवावा, म्हणजे फांद्या न फुटतां काड्या सरळ वाढतात. शेंगा कोंवळ्या असतां कापणी करून जुड्या दोन-तीन दिवस पानें गळेपर्यंत शेतांतच ठेवाव्या. नंतर पाण्यांत बुडवाव्या. चार ते सात दिवसांत साल सुटूं लागते. रोज एक काडी काढून पाहावी, कारण अधिक कुजल्यास वाखाचें बळ जातें. कुजवणीनें पाणी नासतें व मासे मरतात. म्हणून हें काम नदींत, विहिरींत अगर गांवतळ्यांत कदापि करूं नये. खड्ड्यांत प्लास्टिकचा कागद अंथरून तें करावें. पांच गुंठ्यांत सुमारें ४० किलो वाख मिळावा. घरच्या दोरास तो पुष्कळ झाला.

याहून मोठा पेरा वाखासाठीं गिऱ्हाईक ठरल्यावांचून करूं नये. कुजविणें, सोलणें, धुणें व वाळविणें हीं सर्व हातचीं कामें आहेत, आणि मजुरी महाग आहे. दहा-वीस शेतकरी एकत्र येऊन माल आधीं ठरवितील, तरच हिशेब जुळेल.

बियाणें.— दोन-चार गुंठे बियाण्यास ठेवल्यास विकतचें बीं वांचतें. फुलांवर मधमाशा व भुंगे न आल्यास शेंगा नीट भरत नाहींत, म्हणून त्या दिवसांत औषध फवारूं नये. बीं विषारी असतें. तें जनावरांच्या आंबोणांत पडूं देऊं नये.

सारांश, ताग धरावा. पण कापडाच्या मोहानें नव्हे, तर जमिनीसाठीं धरावा, आणि वाख हा वरकड लाभ समजावा. ज्यांचा खोडवा यंदा निघणार आहे त्यांनीं येत्या मृगावर एक एकर तागाखालीं घालून पाहावा. तागाच्या व बिनतागाच्या एकरांतील उसाचें वजन, व दोहोंस लागलेलें खत, हीं वेगवेगळीं लिहून ठेवावीं. असा आंकड्यांचा हिशेब समोर आला म्हणजे पुढील सालीं पेरा किती वाढवावा, हें ज्याचें त्यास ठरवितां येईल.