शिकवायला कोण शिकवणार?



वेल्ह्याच्या डोंगरात एखाद्या वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा असते. तिथे पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवायची तरी गुरुजींना आधी डी.एल.एड. करावे लागते. पाठाचे टाचण कसे काढायचे, फळा कसा वापरायचा, मागच्या बाकावरच्या मुलाला कसे बोलते करायचे, हे सगळे ते शिकून येतात. आता आपल्याकडे बघा. साठ-सत्तर मुलांना इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवायला येणाऱ्या नव्या सरांकडे एम.ई. किंवा एम.टेक.ची डिग्री असते. पण शिकवायचे कसे, हे बहुतेकांना कोणी शिकवलेलेच नसते. हातात ऑर्डर पडते, टाइमटेबल मिळते आणि दुसऱ्या दिवशी पहिले लेक्चर. म्हणजे पी हळद आणि हो गोरी!

याची किंमत कोण मोजतो? नवे सर तर मोजतातच, पण जास्त मोजतो तो फर्स्ट इयरचा विद्यार्थी. भोर-वेल्हे भागातून येणारी आपली कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. वर्गात समजले नाही तर ती हात वर करत नाहीत, रूमवर येऊन झेरॉक्स नोट्स पाठ करतात. मग एम-वन राहतो, मेकॅनिक्स राहतो आणि 'हा विषय आपल्याला जमणारच नाही' असे डोक्यात पक्के बसते. खरे तर बऱ्याच वेळा अडलेले असते शिकवण्याच्या पद्धतीपाशी. म्हणून नव्या शिक्षकाला कोणकोणती मदत मिळू शकते ते या लेखात मांडतो आहे. मी गेली काही वर्षे याच भागात शिकवतो आहे, तेव्हा थोडा अनुभवही सांगेन.

१. सरकारी पातळीवरची मदत

तंत्रशिक्षणातल्या शिक्षकांना शिकवण्याचे प्रशिक्षण हवे, हा विचार जुनाच आहे. १९६० च्या दशकात चेन्नई, कोलकाता, भोपाळ आणि चंदीगड येथे त्यासाठी खास संस्था निघाल्या. यातली भोपाळची संस्था १९६५ ची. पश्चिम विभाग तिच्याकडे असल्याने आपला महाराष्ट्रही तिच्या कक्षेत येतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने विद्यापीठांतून अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुणे विद्यापीठालाही असे केंद्र मिळाले. २०२३ मध्ये या केंद्रांना मालवीय मिशनचे नाव मिळाले.

नव्या शिक्षकाला सगळ्यात उपयोगी आहे तो एआयसीटीईचा आठ मोड्युलचा कोर्स. तो 'स्वयम्' वर ऑनलाइन करता येतो. पाठाचे नियोजन, वर्गातला संवाद, तंत्रज्ञानाचा वापर, मूल्यमापन, व्यावसायिक नीती असे विषय त्यात आहेत. पण यात एक मेख आहे. हा कोर्स सर्टिफिकेटसाठी केला तर फाइल जाड होते, वर्ग आहे तसाच राहतो. नियोजनाचे मोड्युल बघितले, तर त्याच आठवड्यातले एक लेक्चर त्याप्रमाणे घेऊन बघावे. तरच उपयोग.

२. घरबसल्या मिळणारी साधने

आयआयटी आणि बंगलोरची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केले. आयआयटी मुंबईने पुढे दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प हाती घेतला. देशभरच्या कॉलेजांतले शिक्षक जवळच्या केंद्रावर बसून त्यात भाग घेत. त्याच आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सी, पायथॉन, लिनक्स अशा विषयांचे छोटे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही ऐकता येतात. व्हर्च्युअल लॅबमुळे प्रत्यक्ष प्रयोगाआधी तो स्क्रीनवर करून बघता येतो.

मात्र व्हिडिओ लावून सरांनी मागे बसायचे, असे नको. तो धडा शिक्षकाने आदल्या रात्री बघावा, त्यातली मांडणी उचलावी आणि आपल्या मुलांच्या भाषेत सांगावी.

३. वर्गातल्या तीन युक्त्या

*थांबणे.* मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गांतील संवाद टेप करून अभ्यासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असे त्यांना दिसले. तेच तीन सेकंद थांबले, तर जास्त मुले बोलतात आणि उत्तरेही मोठी येतात. यासाठी ना प्रोजेक्टर लागतो ना बजेट. मनात एक, दोन, तीन म्हणायचे, बस्स!

*जोडीने विचार.* एक छोटा प्रश्न द्यावा. मुलांनी एक मिनिट एकट्याने विचार करायचा, दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलायचे, मग वर्गात सांगायचे. अशा तऱ्हेने मुलांना कामाला लावणाऱ्या पद्धतींवरचे २२५ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के मुले नापास होत होती, तर या पद्धतींत सुमारे २२ टक्के. शंभराच्या बॅचमागे हा बारा जणांचा फरक आहे. हॉस्टेलच्या हिशोबात चार-सहा खोल्या!

*जवळचे उदाहरण.* आपला परिसर म्हणजे उघडी लॅब आहे. पाण्याचा दाब शिकवायचा तर भाटघर धरण आहेच, १९२८ साली पूर्ण झालेले. चाळीस मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर जवळजवळ चाळीस टनांचा दाब येतो, म्हणून भिंत खाली रुंद आणि वर अरुंद. हे सांगितले की सूत्र पाठ करावे लागत नाही. रस्त्याच्या वळणाला बाहेरून उचल का देतात, ते वरंध घाटात दाखवावे. फ्लायव्हील समजवायला विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचे जड चाक पुरे. आणि आपण हे का शिकतो, असे कोणी विचारले तर पानशेत सांगावे. काम पुरते झालेले नसतानाच पाणी साठले आणि १२ जुलै १९६१ ला ते मातीचे धरण फुटले. पुण्यात काय झाले ते आजोबांना विचारा. आपल्या विषयातले अर्धवट ज्ञान लोकांना महागात पडते.

४. सगळ्यात जवळची मदत

ही मदत कॉरिडॉरमध्येच आहे. ज्यांचा वर्ग मुले बुडवत नाहीत, अशा सीनियर सरांच्या वर्गात नव्याने आठवडाभर मागच्या बाकावर बसावे. कोणता मीटर चुकीचे रीडिंग देतो, हे लॅब असिस्टंट मामांना विचारावे, मॅन्युअलमध्ये ते नसते. विभागप्रमुखांनाही विनंती आहे, की नव्या माणसाला पहिल्या टर्मला एक विषय कमी द्या आणि कमिट्यांची कामे नंतर द्या. तयारीला वेळच नसेल, तर वरच्या कोणत्याही कोर्सचा उपयोग नाही.

दुसरी मदत म्हणजे तुम्ही विद्यार्थी. टर्मच्या शेवटी भरायचा फीडबॅक फॉर्म त्या बॅचच्या काही कामाचा नसतो. मी चौथ्या आठवड्यात कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. नाव लिहायचे नाही, दोनच ओळी लिहायच्या: काय समजले आणि कुठे अडले. एका वर्षी डेरिव्हेशन अवघड गेले असेल असे वाटत होते, तर तीन-चार चिठ्ठ्यांत एकच प्रश्न: "सर, गणितात रिस्पेक्टिव्हली म्हणजे काय?" म्हणजे मेकॅनिक्स येत होते, अडले होते इंग्रजी शब्दापाशी. 'अनुक्रमे' एवढे एक शब्दात सांगितले आणि गाडी सुटली. तेव्हापासून दर धड्याच्या सुरुवातीला फळ्याच्या कोपऱ्यात असे पाच-सहा शब्द मराठी अर्थासह लिहितो. परीक्षेत इंग्रजी शब्द येणार म्हणून तो ठेवायचा, अर्थ मात्र बोलीत सांगायचा. 'जडत्व आघूर्ण' असे लिहिले तर मोमेंट ऑफ इनर्शियापेक्षाही जास्त घाबरायला होते!

तेव्हा मित्रांनो, नवे सर किंवा मॅडम आल्या, की पहिल्याच दिवशी टोपणनाव ठेवून मोकळे होऊ नका. सी.आर.ला घेऊन जा, कुठे अडते ते नीट सांगा. ते माणूसही तुमच्याच मेसचा रस्सा खात असते आणि रात्री दिवा लावून उद्याच्या लेक्चरची तयारी करत असते. वर्ग दोघांनी मिळून चालवायचा असतो. आणि तुमच्यापैकी काही जण उद्या स्वतः खडू हातात घेतील. तेव्हा कोणता शिक्षक का समजला आणि कोणता का नाही, हे आत्तापासूनच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. शिकवायला लागाल, तेव्हा तेच पान सगळ्यात आधी उघडाल.