घटक ५ : कार्यप्रणालीच्या आवृत्तीची निवड – विंडोज होम की प्रो?

५.१ प्रस्तावना

नवा लॅपटॉप घ्यायला गेल्यावर ‘विंडोज होम हवे की प्रो?’ हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. ‘प्रो’ या नावामुळे ती आवृत्ती अधिक वेगवान असावी, असा समज सहज होतो. हा समज तपासणे आणि पदरचे पैसे खर्च करण्यापूर्वी आपली गरज ओळखणे, हे या घटकाचे उद्दिष्ट आहे.

५.२ दोन आवृत्त्यांमधील साम्य

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअर यांना जोडणारा दुवा म्हणजे कार्यप्रणाली. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपी ही प्रणाली ‘होम’ व ‘प्रोफेशनल’ अशा दोन रूपांत आणली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्येही हा भेद ‘होम’ व ‘प्रो’ या नावांनी टिकून आहे.

दोन्हींचा गाभा मात्र एकच आहे. युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट कळफलक, ब्राउझर, विषाणूंपासून संरक्षण आणि सुरक्षाविषयक अद्यतने दोन्हींत मिळतात. संगणकाचा वेग प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांवर अवलंबून असतो. आवृत्तीच्या नावावर नव्हे.

५.३ दोन आवृत्त्यांमधील भेद

‘प्रो’मधील जादा सुविधा प्रामुख्याने कार्यालयीन गरजांसाठी आहेत.

(अ) संस्थेच्या डोमेनशी संगणक जोडणे आणि ग्रुप पॉलिसीद्वारे अनेक संगणकांचे नियम एका ठिकाणाहून ठरविणे.

(आ) रिमोट डेस्कटॉपने आपला संगणक दुसरीकडून चालविणे. ‘होम’मधून दुसऱ्या संगणकाशी जोडता येते, परंतु ‘होम’ असलेला संगणक या पद्धतीने दुरून चालविता येत नाही.

(इ) बिटलॉकरचे संपूर्ण नियंत्रण. ‘होम’मध्ये पात्र यंत्रांवर डिस्कमधील माहिती कूटबद्ध करण्याची साधी सोय असते.

(ई) रॅमची मर्यादा. विंडोज ११ होम १२८ जीबीपर्यंत, तर प्रो २ टीबीपर्यंत रॅम वापरू शकते. घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा ८ किंवा १६ जीबी रॅम असते. त्यामुळे हा भेद आपल्यापुरता नाममात्र ठरतो.

५.४ निवड कशी करावी?

स्वाध्याय लिहिणे, प्रकल्प टंकलिखित करणे आणि ऑनलाइन व्याख्याने ऐकणे, एवढीच गरज असेल तर ‘होम’ पुरेसे आहे. वाचलेली रक्कम अधिक रॅमसाठी किंवा बाह्य हार्ड डिस्कसाठी खर्च करणे श्रेयस्कर. नोकरीच्या ठिकाणी डोमेनची अट असेल, तरच ‘प्रो’चा विचार करावा. पुढे गरज भासल्यास परवाना घेऊन ‘होम’चे ‘प्रो’ करता येते आणि त्यासाठी फायली पुसाव्या लागत नाहीत. उलट दिशेने जायचे झाल्यास मात्र सामान्यतः प्रणाली नव्याने बसवावी लागते. म्हणून शंका असल्यास ‘होम’पासून आरंभ करणे हितावह.

एक दक्षता मात्र दोन्ही आवृत्त्यांत आवश्यक आहे. डिस्क कूटबद्ध असेल तर तिची रिकव्हरी की सुरक्षित जागी लिहून ठेवावी. ती हरवली आणि संगणकाने मागितली, तर वर्षभराचा प्रकल्प डिस्कवर असूनही उघडता येणार नाही. त्यामुळे प्रकल्पाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘प्रो घेतल्याने संगणक वेगवान होतो.’ हे विधान तपासा.
२. आपण आठवड्यात संगणकावर करीत असलेल्या कामांची यादी करा. त्यांपैकी कोणत्या कामाला ‘प्रो’ची आवश्यकता आहे, ते सकारण लिहा.