रेघांवरून रेणू कसा ओळखायचा?

प्रश्न : मी एम.एस्सी. ऑरगॅनिकला आहे. स्पेक्ट्रोस्कोपीच्या पेपरात रेणुसूत्र आणि आयआर, एनएमआर, मासचे आकडे देऊन रचना ओळखायला सांगतात. तक्ते पाठ करूनही प्रॉब्लेम सुटत नाहीत. पीकवरून रचना खरंच कळते, की उत्तर आधीच माहीत असलेलाच तिथे पोहोचतो? आणि एकाच रेणूसाठी इतकी तंत्रं कशाला?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : तुमच्या शंकेत तथ्य आहे. वर्गात फळ्यावर आधी रेणू काढतात आणि मग त्याचे पीक समजावतात. परीक्षेत नेमकं उलटं करायचं असतं, म्हणून तक्ते तोंडपाठ असूनही हात अडतो. रचना कळते, नक्की कळते. पण कुठलाही एक पीक रेणूचं नाव सांगत नाही, तो फक्त काही शक्यता बाद करतो. शेवटी जी बाद करता येत नाही, ती तुमची रचना.

एक प्रॉब्लेम सोडवूनच बघू. रेणुसूत्रात ९ कार्बन, १० हायड्रोजन, २ ऑक्सिजन; रेणुभार १५०. तक्ता बाजूला ठेवा आणि आधी डीबीई काढा. ९ कार्बनच्या संपृक्त रेणूत २० हायड्रोजन मावतात. इथे १० कमी आहेत, म्हणजे पाच जोड्या, डीबीई ५. चार किंवा जास्त आला की बेंझीनच्या कड्याचा संशय घ्यावा. कड्याने चार घेतले, उरलेला एक बहुधा कार्बोनिलचा.

आयआरमध्ये १७४० च्या आसपास ठसठशीत पीक आहे, म्हणजे एस्टर. ३४८० जवळ आणखी एक बारीकसा पीक दिसतो आणि पुष्कळ मुलं तिथे ‘ओएच’ लिहून मोकळी होतात. १७४० ची दुप्पट करून पाहा. तो कार्बोनिलचाच ओव्हरटोन आहे. अल्कोहोलचा ओएच असा चोरून येत नाही, चांगला रुंद आणि जोरकस येतो.

आता एनएमआर. ७.३५ पीपीएमला ५ हायड्रोजन, ५.१० ला २, २.१० ला ३ आणि तिन्ही सिंग्लेट. कड्यावर पाच हायड्रोजन म्हणजे त्याला एकच शेपूट जोडलेलं आहे. सीएच-टू आणि सीएच-थ्री एकमेकांशेजारी असते तर क्वार्टेट आणि ट्रिप्लेट दिसले असते. ते नाहीत, म्हणून एथिल असलेले सगळे एस्टर बाद. एथिल बेंझोएट तर आयआरमध्येच संशयास्पद होतं. तिथे कार्बोनिल कड्याला लागून असल्यामुळे त्याचा पीक १७२० च्या आसपास खाली उतरतो.

उरले दोन : बेंझिल ॲसिटेट आणि मिथिल फिनाइलॲसिटेट. खरी गंमत इथे आहे. दोघांचं सूत्र एकच, दोघांचा कार्बोनिल १७४० च्या जवळपास, दोघांनाही ५, २, ३ अशीच सिंग्लेट. एन-प्लस-वनच्या नियमावर सगळी भिस्त ठेवणारा विद्यार्थी इथे हमखास अडकतो. (शिकवतानाही या नियमाचे जरा जास्तच लाड होतात, असं माझं मत आहे.) निकाल लागतो तो केमिकल शिफ्टवर. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, शेजारच्या हायड्रोजनवरचं इलेक्ट्रॉनचं आवरण विरळ होतं आणि त्याचा पीक डाऊनफिल्ड सरकतो. मिथिल फिनाइलॲसिटेटमध्ये सीएच-थ्री ऑक्सिजनवर आहे, त्यामुळे ते ३.७ ला येतं आणि सीएच-टू ३.६ च्या आसपास. आपल्याकडे सीएच-थ्री २.१० ला आहे, म्हणजे ते कार्बोनिलला लागून आहे. सीएच-टू थेट ५.१० ला गेलंय, कारण एका बाजूला कडं आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. तेव्हा हे बेंझिल ॲसिटेट. जाईच्या सुगंधी तेलातला हा एक प्रमुख घटक.

मासने खातरजमा करा. ९१ चा पीक दोघांनाही येतो, तेव्हा त्याच्यावर निर्णय देऊ नका. ४३ चा ॲसिटाइलचा तुकडा आणि १५० मधून ४२ चं कीटीन गळून उरलेला १०८, हे दोन बेंझिल ॲसिटेटच्या बाजूने साक्ष देतात.

इतकी तंत्रं कशाला, याचं उत्तर यातच आलं. आयआर गट सांगतो, पण तो कुठे जोडलाय ते सांगत नाही. मास वजन आणि तुकडे देतो, एनएमआर शेजारपाजार. यूव्हीचं काम अशा प्रॉब्लेममध्ये थोडंच असतं. ते तंत्र शोभतं औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, बिअर-लँबर्टच्या नियमाने प्रमाण मोजायला.

शिफ्टवरून रचना वाचण्याची ही वाट १९५१ मध्ये स्टॅनफर्डला उघडली. आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथेनॉलचा एनएमआर घेतला आणि त्यात ओएच, सीएच-टू, सीएच-थ्री यांचे तीन पीक १:२:३ प्रमाणात वेगळे दिसले. यातल्या धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचा गट उभा केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव क्वचितच भेटतं.

आणखी एक. पुस्तकातले आकडे निवडून-टिपून दिलेले असतात. विभागात विनंती करून एखाद्या खऱ्या नमुन्याचा छापील स्पेक्ट्रम मागून घ्या. त्यात ७.२६ ला ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममधल्या शिल्लक क्लोरोफॉर्मचा पीक असेल, १.५६ जवळ पाण्याचा असेल. आपला नसलेला पीक ओळखता येणं हीसुद्धा परीक्षेइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

आता हा तुम्ही सोडवा. ४ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन, आयआर १७४०, एनएमआर ३.६७ (३ हायड्रोजन, सिंग्लेट), २.३२ (२, क्वार्टेट), १.१५ (३, ट्रिप्लेट). घाईत ‘एथिल ॲसिटेट’ लिहू नका. उत्तर पाठवाल तेव्हा ते का बाद झालं, हेही एका ओळीत लिहा.