फॉर्म भरताना दादाला शेजारी बसव

कसबा बावडा, कोल्हापूर

चि. सोनूस,


ऑगस्टमध्ये दादा-वहिनींना घेऊन युरोपला जायचं तू नक्की केलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. दोघांनी जन्मभर काटकसर केली, आता चार देश बघू देत. पण विम्याचं काम तू एजंटवर सोडलंस आणि 'व्हिसाला चालेल अशी सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढा' म्हणून सांगितलंस, ते मला पटलं नाही. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर नोकरी काढली, त्यामुळे कागद कुठे अडतात ते मला ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिसाला चालणारी पॉलिसी दादाला पुरेलच असं नाही. शेंगेन व्हिसाचा नियम एवढंच सांगतो की, किमान 30,000 युरोचं संरक्षण हवं, ते शेंगेनच्या सगळ्या देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू हवं, आणि तातडीचे उपचार व रुग्णाला किंवा पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यात बसावा. पाहुण्याच्या दवाखान्याचा भुर्दंड आपल्यावर पडू नये, हा त्या देशांचा हिशेब. दादाचं वय, हृदयातला स्टेंट, रोजच्या गोळ्या यांचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. शिवाय तुमचे शेवटचे दिवस लंडनला आहेत. ब्रिटन शेंगेनमध्ये येत नाही. नुसती शेंगेनपुरती पॉलिसी काढलीस, तर लंडनमध्ये दादा विम्याशिवाय फिरेल.

तेव्हा आधी माणूस बघ, मग हप्ता बघ. तिघांची प्रकृती तीन तऱ्हेची, त्यामुळे तिघांना एकच पॉलिसी हवी असा हट्ट नको. तू ऑफिसच्या कामाला वरचेवर बाहेर जातोस, तुला वर्षभराची पॉलिसी परवडेल. फक्त त्यात एकेका प्रवासाला दिवसांची मर्यादा असते, ती तपास. वहिनीला आजार नाही, पण गुडघे नाजूक आहेत. पाय घसरून हाड मोडलं तर शस्त्रक्रियेला पुरेल एवढी रक्कम तिच्या नावावर हवी. दादाचा हप्ता जास्त येणार, तो भर. त्यात हात आखडू नकोस.

दादाच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचं कलम पहिल्यांदा वाच. बऱ्याच ठिकाणी जुन्या आजारातून उद्भवलेल्या, जिवावर बेतलेल्या प्रसंगालाच पैसे मिळतात, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत. साठीपुढच्या माणसांना बऱ्याचदा आणखी एक अट असते. पहिल्या पानावर मोठी रक्कम दिसते आणि आतल्या पानांवर खोलीचं भाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळी कमाल मर्यादा लावलेली असते. हे सब-लिमिट नसलेली पॉलिसी मिळाली, तर दोन पैसे जास्त देऊन तीच घे. प्रत्येक क्लेममध्ये पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाते, तेही विचारून ठेव.

आता फॉर्मचं सांगते. 'रक्तदाब आहे काय?' या प्रश्नावर दादा काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. "गोळी घेतली की नॉर्मल असतंय की, त्याला आजार कशाला म्हणायचं?" आणि एजंट खुशाल 'नाही' वर टिक करेल. मग परदेशात छातीत दुखलं की, हीच घरची माणसं घाबरून डॉक्टरला सगळं सांगतात. बीपी कधीपासून, स्टेंट कुठल्या साली, गोळ्या कुठल्या. डॉक्टर ते केसपेपरच्या पहिल्याच ओळीत लिहितो. क्लेम तपासणारा आधी ती ओळ वाचतो आणि मग फॉर्म काढून शेजारी ठेवतो. दोन्हीकडे एकच लिहिलेलं असेल, तर काम पुढे सरकतं. नसेल, तर माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला जातो. मुंबई-पुण्याच्या इस्पितळाचं बिल कर्ज काढून भागवता येतं, युरोपातलं भागवताना घर विकायची पाळी येते.

ऑगस्टचा प्रवास म्हटल्यावर बावड्याच्या माणसाला पंचगंगा विसरून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. 2021 च्या जुलैतही महामार्ग पाण्याखाली गेला. तुमचं विमान मुंबईहून आहे, म्हणून 'विमान चुकणे' हे कलम नीट वाच. पुष्कळ पॉलिसींत आधीच्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तरच भरपाई मिळते. घरची गाडी पुरात अडकली, तर ती मिळेलच असं नाही. प्रवास रद्द करण्याच्या कारणांत नैसर्गिक आपत्ती स्पष्ट लिहिलेली हवी. आणि पॉलिसी तिकिटांच्या पाठोपाठच काढ. पुराची बातमी आल्यावर घेतलेला विमा सहसा त्या पुराला लागू होत नाही. एवढं करूनही दोन दिवस आधी मुंबई गाठा.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलात, तर ई-तिकिटावरचा 45 पैशांचा विमा जरूर घे. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 10 लाख आणि इस्पितळाला 2 लाखांपर्यंत मिळतात. नंतर मेसेजमधून येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरायचं असतं, ते पुष्कळ जण भरतच नाहीत. मात्र गाडीला उशीर झाला, तर या विम्यातून काही मिळत नाही. 27 जुलै 2019 ला हीच गाडी कोल्हापूरला येताना बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. अशा वेळी पुढचं विमान चुकलं, तर त्याची भरपाई प्रवास विम्यातच शोधावी लागेल.

तिकडे दवाखान्याची वेळ आलीच, तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला लगेच फोन करायचा. आधी स्वतः पैसे भरून नंतर कळवलं, तर कॅशलेसची सोय हातची जाते. तो क्रमांक तिघांच्या फोनमध्ये आणि कागदावरही असू दे. दादाच्या डॉक्टरांकडून आजार आणि औषधांची मूळ नावं लिहिलेलं पत्र इंग्रजीत घे. बॅग हरवली, तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी नोंद घे. त्या कागदावाचून सामानाचा क्लेम उभा राहत नाही.

क्लेम अन्यायानं नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा त्यांना देता येतो. पण तिथेही आधी आपलाच फॉर्म टेबलावर येतो, हे लक्षात ठेव.

म्हणून माझं एवढं ऐक. एजंटला फोन करून तो कोरा फॉर्म घरी मागव. रविवारी दादाला शेजारी बसव, त्याच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेव आणि प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर तुझ्या हातानं लिही. सही त्यानंतरच होऊ दे.

तुझी,
आत्या