गोलंदाज पालवणकर बाळू

पिके निघाली, की रिकाम्या वावरात पोरे बॅट-चेंडू घेऊन उतरतात. क्रिकेटचा खेळ आता आपल्या गावोगाव पोचला आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच खेळावर पोट भरणारा एक माणूस आपल्या मुलखात होऊन गेला. त्यांचे नाव पालवणकर बाळू. आज आपण त्यांची हकीकत वाचू.

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातले, चांभार समाजाचे. सन १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला त्यांचा जन्म झाला. वडील लष्करात नोकरीला होते. पुढे हे कुटुंब पुण्यात आले. तिथे छावणीत गोरे अंमलदार क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हा खेळ शिकले.

मग बाळूंनी पुण्यात साहेबांच्या क्लबात नोकरी धरली. पगार महिना ४ रुपये. खेळाच्या जागेवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे काम. बॅट मात्र हाती मिळत नसे. बॅट साहेबाची आणि घाम बाळूचा! पण तासन् तास चेंडू टाकून टाकून त्यांचा डावा हात असा बसला, की चेंडू कुठे वळेल ते भल्याभल्यांना कळेना. ग्रेग नावाचे एक साहेब नामांकित फलंदाज होते. आपल्याला बाद केले, की ते बाळूंना दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. हिशेब करून पाहा. महिन्यात आठ वेळा बाद केले, तर पगाराइतके पैसे वर मिळाले.

पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा कमी लेखत. खुद्द इंग्लंडातही पगारी खेळाडू वेगळे आणि हौशी ‘जंटलमन’ वेगळे मानत. पुष्कळ ठिकाणी दोघांच्या खोल्या आणि दरवाजेही निराळे असत. हा भेद तिथे १९६२ साली संपला. इथे बाळूंच्या वाट्याला त्यावर जातीचा भेद आला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना संघात घेतले. पण चहाची वेळ झाली, की बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत, त्याचा विटाळ होत नसे. कपाचा मात्र होई! याला काय म्हणावे, ते वाचणाऱ्यांनीच ठरवावे.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला गेले. तिथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा काढल्या. गोऱ्यांच्या झाल्या १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी आपली जीत. बाळूंनी या सामन्यात ८ गडी बाद केले. राज्य करणारा साहेबही हरतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

१९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. बाळूंची पस्तिशी उलटली होती, खांदाही दुखत होता. तरी त्यांनी त्या दौऱ्यात शंभरावर गडी टिपले.

एवढे करूनही त्यांना संघाचे कप्तान केले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊ चांगले खेळाडू निघाले. १९२० साली मोठा वाद झाला. बाळूंना वगळले आणि विठ्ठलचा हक्क डावलला, म्हणून शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. शेवटी १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदू संघाने गोऱ्यांना हरवले.

पुढची गोष्ट आपल्या नाशिकच्या जवळची आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. देऊळ उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी जाहीर केले, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. बाळूंना हे पटले नाही. हिंदू समाजात राहूनच हक्क मिळवावेत, असे त्यांचे मत होते. तरुणपणी आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान वाटे. आता दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने आंबेडकरांच्या समोर बाळूंनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले. पण अंतर थोडकेच होते. कोणाचा मार्ग बरोबर, यावर घराघरांत बोलणे झाले असेल. आजही होते.

जुलै १९५५ मध्ये पालवणकर बाळू मुंबईत वारले. विठ्ठलरावांनी मराठीत आपले आत्मचरित्र लिहिले आहे.